हेडसेट भारी, पण खरा आधार मॅडमचा

लातूर. धाकट्या भावाला ओसीडी, म्हणजे नको ते विचार छळतात आणि त्यापायी तीच ती कृती पुन्हा पुन्हा करावी लागते असा आजार. हात धुऊन धुऊन कातडी सोललेली. त्यात आपल्याकडं पाण्याची बोंब! इथं उपचारात डोळ्यांवर व्हीआरचा (आभासी दृश्यं दाखवणारा) हेडसेट लावून त्याला कळकट शौचालयाचं दार दाखवतात. कडी धरायची, भीती शंभरपैकी किती ते सांगायचं आणि हात न धुता ती ओसरेपर्यंत थांबायचं. पद्धत जुनीच, व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये मांडलेली. व्हीआर ही फक्त पहिली पायरी. खरं काम बोलण्यातच होतं. उपचार करणाऱ्या मॅडम घाई करत नाहीत. ‘काही होत नाही रे’ हा आमचा धीरच आजाराला खतपाणी घालतो, हे आईला त्यांनीच पटवलं. हेडसेटनं कधीकधी गरगरतं, फीही जड जाते. पण आता तो एसटीतून उतरून एकदाच हात धुतो आणि जेवायला बसतो. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच आहेत. त्या बंद करून इथं येऊ नका.