कीवर्ड टॅग की मजकुरातले शब्द?

आपलं पान शोधात सापडावं म्हणून कशावर मेहनत घ्यायची? वेबपानाच्या कोडमध्ये वाचकाला न दिसणारी, पानाचे विषय सांगणारे शब्द लिहिलेली एक ओळ असते, कीवर्ड मेटा टॅग. १९९०च्या दशकात इन्फोसीक, अल्टाव्हिस्टा यांसारखी सर्च इंजिनं ती वाचायची. पानमालक म्हणेल तो पानाचा विषय! साहजिकच लोकांनी त्यात वाट्टेल ते कोंबलं: एकच शब्द पन्नासदा, प्रतिस्पर्ध्याचं नाव, पानाशी संबंध नसलेले लोकप्रिय शब्द. शोधणारा मात्र भलतीकडेच पोहोचायचा, आणि मला खरा राग याच गोष्टीचा येतो.

१९९८मध्ये गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँक ही पानांचं महत्त्व ठरवण्याची पद्धत मांडली. पानमालक स्वतःबद्दल काय सांगतो यापेक्षा इतर पानं त्याला किती लिंक देतात, आणि ती पानं स्वतः किती वजनदार आहेत, हे मोजलं जाऊ लागलं. सप्टेंबर २००९मध्ये गूगलने स्पष्टच सांगितलं: वेब शोधाच्या क्रमवारीत हा टॅग आम्ही वापरत नाही.

दिसणाऱ्या मजकुराचं तसं नाही. शीर्षकातले, उपशीर्षकांतले, परिच्छेदांतले शब्द आजही मोजले जातात. फक्त रतीब घातला की उलटा फटका बसतो. पुरणपोळीच्या पानावर 'पुरणपोळी रेसिपी' वीसदा लिहिण्यापेक्षा 'पुरण सैल झालं तर पोळी फुटते, पुन्हा आटवून घ्या' हे एक वाक्य लिहा. लोक शोधतात ते हेच: पुरण, सैल, फुटते.

टॅगवर मी एक मिनिटही घालवणार नाही. तो वेळ शीर्षकाला द्यावा.