झूम एच१ एसेन्शियल : संगीतात एम.ए. करणाऱ्यांच्या कामाचा किती?

झूम कंपनीच्या या छोट्या ध्वनिमुद्रकावर (रेकॉर्डरवर) गेनचं, म्हणजे आवाजाची पातळी आधीच ठरवण्याचं, बटणच नाही. दुकानात हातात घेतल्यावर बहुतेकांना आधी हेच खटकतं आणि नेमकं हेच त्याचं बलस्थान आहे. २०२४ च्या सुरुवातीला आलेला हा रेकॉर्डर ३२-बिट फ्लोटमध्येच (अगदी बारीक आणि अगदी मोठा, दोन्ही आवाज सामावणाऱ्या फाईलच्या प्रकारात) ध्वनिमुद्रण करतो. आलापीची कुजबुज आणि तबल्यावरची दणदणीत तिहाई एकाच फाईलमध्ये येते आणि पातळी नंतर संगणकावर ठरवता येते. ज्यांच्या प्रबंधात आज बैठक, उद्या कथकची तालीम आणि परवा नाटकासाठी रस्त्यावरचे आवाज असा प्रकार असतो, त्यांचा बराच ताप यामुळे वाचतो. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रासारख्या ठिकाणी, जिथे संगीत, नृत्य आणि नाट्य एकाच छपराखाली शिकवलं जातं, तिथे अशी सरमिसळ नेहमीचीच.

पण ‘आता आवाज फाटणारच नाही’ हा समज चुकीचा आहे. अंगच्या माईकची सहनशक्ती १२० डेसिबलपर्यंत. ढोल-ताशाच्या अगदी पुढ्यात रेकॉर्डर धरला तर माईकची कॅप्सूलच, म्हणजे आवाज पकडणारा भागच, हार मानते. पुढे कितीही बिट असोत, मुळातच फाटलेला आवाज सुधारत नाही. अशा वेळी मागे सरकणं एवढाच उपाय. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात.

दुसरी चूक संगणकावर होते आणि ती जास्त महागात पडते. फाईलमध्ये शून्य डेसिबलच्या (ही साध्या डिजिटल फाईलची कमाल पातळी, वरच्या १२० डेसिबलपेक्षा वेगळं माप) वर गेलेले ठोके सुरक्षित असतात, पण ती फाईल ३२-बिट फ्लोट आहे तोवरच. ती तशीच १६-बिट किंवा एमपी३ करून गाईडला पाठवली की शून्याच्या वरचं सगळं छाटलं जातं. म्हणून क्रम असा हवा: ऑडॅसिटी किंवा रीपर या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ फाईल उघडायची, सर्वांत मोठा ठोका उणे ३ डेसिबलवर येईल इतकी पातळी उतरवायची, आणि मगच २४-बिट वेव्ह काढायची. मूळ फाईलला हात लावायचा नाही.

विलंबित आणि द्रुत वेगळ्या फाईलमध्ये असतील, तर दोन्हींना स्वतंत्रपणे ‘नॉर्मलाइझ’ करू नका, म्हणजे प्रत्येकीचा सर्वांत मोठा ठोका एकाच पातळीवर आणू नका. ऐकायला बरं वाटतं, पण गायकाने आवाज किती चढवला हा फरकच पुसला जातो. प्रबंधात त्यावर काही लिहायचं असेल तर पुरावाच गेला. दोन्हींची पातळी सारख्याच डेसिबलनी बदलावी.

जागेच्या बाबतीत मात्र हा रेकॉर्डर काहीच मदत करत नाही. एक्स-वाय मांडणीतले (एकमेकांना तिरके छेदणारे) दोन्ही माईक समोरचं सगळं ऐकतात, पंख्यासकट. छताचा पंखा बंद, जुन्या चोकच्या ट्यूबलाइट बंद; नाहीतर १०० हर्ट्झचा गुणगुणाट तानपुऱ्याच्या खर्जाशेजारी येऊन बसतो आणि मग सुटत नाही. नुसता तानपुरा मुद्रित करायचा असेल तर घोडीपासून ४०-५० सेंटिमीटरवर, थोडं तिरकं ठेवून पाहा. अगदी सरळ आणि जवळ ठेवलं की जवारीची झणझण पुढे येते, भोपळ्याची गोलाई मागे पडते. साथीसह गायनाला दीड ते दोन मीटर अंतर आणि बसलेल्या गायकाच्या छातीइतकी उंची ही चांगली सुरुवात आहे. हार्मोनिअमच्या भात्याकडे माईकचं तोंड नको. खाली नुसती फरशी असेल तर सतरंजी अंथरा, परावर्तित आवाजाने स्वर पोकळ वाटायला लागतो.

पाठीला ट्रायपॉडचा स्क्रू बसतो, तो वापराच. रेकॉर्डर रंगमंचावर किंवा टेबलावर नुसता ठेवला तर तत्काराची प्रत्येक थाप लाकडातून थेट माईकमध्ये शिरते आणि घुंगरांच्या आवाजाखाली ढब-ढब ऐकू येते. ट्रायपॉडखाली घडी घातलेली गोधडी पुरते. प्लास्टिकचं अंग इतकं हलकं आहे की हातात धरून मुद्रण केलं तर बोटं हलल्याचंही ऐकू येतं.

जात्यावरच्या ओव्यांसाठी वेगळा विचार लागतो. संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या संकलनात लाखाहून जास्त ओव्या आहेत. त्या वाटेने क्षेत्रकार्याला निघालेले विद्यार्थी सवयीने लो-कट (खालचे, घुमणारे आवाज गाळणारी सोय) चालू ठेवतात. वाऱ्यासाठी ते ठीक, पण इथे जात्याची घरघर हीच लय आहे. लो-कट बंद ठेवा आणि माईक दगडापेक्षा बाईंच्या तोंडाच्या जवळ आणा. अंगणात बसणार असाल तर फरची टोपी हवीच, ती वेगळी विकत घ्यावी लागते.

चित्रीकरणासोबत वापरणाऱ्यांनी ४८ किलोहर्ट्झ ठेवावं. चित्र आणि आवाज आपोआप जुळवणाऱ्या टाइमकोडची सोय नाही, ते टाळीच्या आवाजावरून जुळवावं लागतं. सुरुवातीला एक टाळी वाजवायची आणि शेवटीही एक. कॅमेरा आणि रेकॉर्डरची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत, तासाभराच्या प्रयोगात सम हलकेच सरकते आणि शेवटच्या टाळीशिवाय ती किती सरकली ते कळत नाही.

४८ किलोहर्ट्झला स्टिरिओ फाईल तासाला साधारण १.४ जीबी होते, म्हणजे ३२ जीबीच्या मायक्रोएसडी कार्डात वीसेक तास आरामात. ट्रिपल-ए आकाराचे दोन सेल लागतात. कंपनी अल्कलाइनवर सुमारे १० तास सांगते. रिचार्जेबल सेल घातलेत तर मेनूत सेलचा प्रकार बदला, नाहीतर उरलेल्या चार्जचा अंदाज चुकतो. लांबलचक तालमीला यूएसबी-सीने पॉवर बँक जोडणं सोपं. फाईलचं नाव तारीख-वेळेवरून पडतं, त्यामुळे सेल बराच वेळ काढून ठेवले असतील तर निघण्याआधी घड्याळ तपासा.

उणिवा सांगायच्या तर पहिली माईकचा स्वतःचा खरखराट. दूरची सतार किंवा रात्रीची शांतता पकडून पातळी वर ओढली की तो लगेच कानावर येतो. फ्लोटमुळे तो नाहीसा होत नाही. दुसरी, एक्सएलआर सॉकेट (व्यावसायिक माईक आणि मिक्सरच्या तीन पिनांच्या केबलसाठीचं) नाही. ३.५ मिलिमीटरच्या सॉकेटमध्ये कॉलर माईक लावला की अंगचे माईक बंद पडतात, दोन्ही एकदम मिळत नाहीत. निवेदक आणि सभागृह वेगळे मुद्रित करायचे असतील, किंवा मिक्सरमधून थेट आवाज घ्यायचा असेल, तर याच मालिकेतला एच४ एसेन्शियल बघा; त्याला दोन एक्सएलआर आहेत आणि अंगचे माईक १३० डेसिबलपर्यंत तग धरतात. विभागात तो एक सामाईक असेल, तर स्वतःच्या झोळीत एच१ पुरे.