थिऑलॉजीच्या फ्री साइट्स: ग्रंथांची चंगळ, संशोधनाची बोंब

थिऑलॉजी (ईश्वरशास्त्र) किंवा धर्मांचा अभ्यास करायचाय, युनिव्हर्सिटीचं लॉगिन नाही आणि एकेका लेखाला खिशातून पैसे मोजायची तयारी पण नाही, अशा लोकांसाठी हा रिव्ह्यू लिहितेय. मूळ ग्रंथ फुकट मिळण्याच्या बाबतीत सध्या नुसती चंगळ आहे. बोंब आहे ती नव्या संशोधनाची, आणि बहुतेक जण नेमकं उलट्या टोकाने सुरू करतात, म्हणजे ग्रंथाचं नाव गूगलवर टाकायचं, जो पहिला अनुवाद समोर येईल तो उघडायचा आणि त्याच्या जोरावर थेट पेपर लिहायला बसायचं.

आता फुकट मिळतं ते बऱ्याचदा कॉपीराइट संपलेलं असतं म्हणूनच मिळतं ना. सेक्रेड टेक्स्ट्स ही 1999 पासूनची साइट, तिथे मॅक्स म्युलरच्या संपादनातली सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट ही मालिका आहे, 50 खंडांची, पण 1879 ते 1910 या काळात निघालेली. सीसीईएल ही ख्रिस्ती ग्रंथांची साइट तर त्याहून जुनी, 1993 पासून चालू आहे, तिथे सुरुवातीच्या ख्रिस्ती आचार्यांच्या लिखाणाचे 38 खंड सर्च करता येतात, तेही 19व्या शतकातल्या इंग्रजीत. चाळायला, संदर्भ पटकन शोधायला दोन्ही झकास. पण त्यानंतर डेड सी स्क्रोल्स म्हणजे मृत समुद्राजवळच्या गुहांमधली प्राचीन ज्यू हस्तलिखितं सापडली, इजिप्तमधल्या नाग हम्मादीची सुरुवातीच्या ख्रिस्ती काळातली पुस्तकं सापडली, त्यामुळे तिथल्या प्रस्तावना आणि तळटीपा आजचं मत म्हणून उचलू नका.

मला खरंच आवडलेल्या दोन साइट्स म्हणजे सेफारिया आणि सुत्तसेंट्रल. सेफारियावर ज्यू ग्रंथ आहेत, हिब्रू-अरामाइक मूळ आणि इंग्रजी शेजारी शेजारी. उत्पत्ती म्हणजे बायबलचं पहिलं पुस्तक, त्याच्या पहिल्याच ओळीवर क्लिक करून बघा, बाजूला एक पट्टी उघडते आणि त्यात राशी आणि इब्न एझ्रा हे मध्ययुगीन ज्यू भाष्यकार काय म्हणतात, ही ओळ तालमूदमध्ये (ज्यू धर्मनियम आणि चर्चांचा मोठा ग्रंथ) कुठे आलीय, सगळं एकाखाली एक. शब्दावर क्लिक केलं की डिक्शनरी. 2017 मध्ये त्यांनी श्टाइनसाल्ट्झ या रब्बींचा तालमूदचा इंग्रजी अनुवाद फ्री लायसन्सखाली टाकला, त्यामुळे इथे जुन्या अनुवादाचं रडगाणं पण नाही. फक्त एका ओळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असं करत करत कुठून निघालो होतो तेच विसरायला होतं, तर आधी काय शोधायचंय ते कागदावर लिहून ठेवा.

सुत्तसेंट्रल बौद्ध सुत्तांसाठी, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांसाठी. पाली आणि इंग्रजी ओळीला ओळ लावून वाचता येतं, भिक्खू सुजातो यांचे अनुवाद नवे आहेत आणि कॉपीराइटमुक्त आहेत. पण खरी कमाल आहे ती समांतर ग्रंथांच्या यादीत. मज्झिम निकाय या पाली सुत्तसंग्रहातलं दहावं सुत्त, सतिपट्ठान, ते उघडलं की त्याच्याशी जुळणारे चिनी आगमांमधले (सुत्तांचे चिनी अनुवादातले संग्रह) पाठ कुठले ते लगेच दिसतं. पूर्वी हे जुळवायला जाडजूड तक्ते घेऊन बसावं लागायचं. दोन्ही साइट्सना पाचपैकी पाच, पैसा वसूल म्हणायची पण सोय नाही कारण पैसाच दिलेला नाही.

हस्तलिखितांचं वेड असेल तर कोडेक्स सिनाइटिकस बघाच. चौथ्या शतकातलं ग्रीक बायबल, त्याची पानं चार देशांत विखुरलेली, ती 2009 मध्ये ऑनलाइन एकत्र आली. प्रकाश बदलायचं बटण आहे, तिरका प्रकाश लावला की चर्मपत्राच्या सुरकुत्या उठून दिसतात. कुराणासाठी कॉर्पस कोरानिकम, आयत निवडा, जुनी हस्तलिखितं आणि पाठभेद समोर. संस्कृतसाठी ग्रेटिल, पण तिथे नुसता मजकूर, अनुवाद नाही, ज्यांना वाचता येतं त्यांच्यासाठीच.

बरं, संशोधनाचं काय. इथे सुरुवात इंडेक्स थिओलॉजिकसपासून करा, ही संशोधनपर लेख-पुस्तकांची सूची आहे, जर्मनीतल्या ट्युबिंगन युनिव्हर्सिटीची आहे, पूर्ण फ्री आहे आणि का कोण जाणे, फार कमी लोकांना माहीत असतं. लेखाचा मजकूर नेहमी मिळत नाही, पण कोणी कशावर काय लिहिलंय ते कळतं, बायबलचा अध्याय-वचन टाकूनसुद्धा शोधता येतं. थिऑलॉजीपेक्षा धर्मांचा अभ्यास हा विषय असेल तर त्यांचीच रेलबिब ही तशीच सूची आहे. तिथून नावं काढायची आणि मग जेस्टोर या संशोधन-लेखांच्या साइटवर जायचं, फ्री अकाउंटवर महिन्याला 100 लेख ऑनलाइन वाचता येतात, ते डाउनलोड मात्र होत नाहीत. अख्खी पुस्तकं हवीत तर ओएपीईएन आणि डीओएबी, दोन्हीकडे फुकट वाचता येणारी संशोधनाची पुस्तकं सापडतात. इंटरनेट अर्काइव्हवर जुनी पुस्तकं ढिगाने आहेत, पण प्रकाशकांनी त्यांच्यावर कॉपीराइटची केस केली, त्यानंतर उधार मिळणारी 5 लाखांहून जास्त पुस्तकं काढली गेली, 2024 मध्ये अपिलात पण निकाल विरोधात गेला, म्हणून जुन्या लिंकवर पुस्तक उघडलं नाही तर तुमच्या नेटला शिव्या घालू नका.

एका साइटचं नाव घेत नाही, पण तिथे पीडीएफ उघडायच्या आधी तीन जाहिराती बंद कराव्या लागतात आणि मग कळतं की ग्रंथाची मधलीच पानं गायब आहेत, वर संपादक कोण, आवृत्ती कुठली, काही पत्ता नाही. प्रकाशनाचं वर्ष आणि अनुवादकाचं नाव न देणाऱ्या साइटवरून एक ओळ पण कोट करू नका, गाइड पहिला प्रश्न तोच विचारणार.

आणि ब्राउझरमध्ये अनपेवॉल टाकून घ्या, लेखाची फ्री कॉपी शोधून देणारं एक्स्टेन्शन आहे ते. लेखाच्या पानावर हिरवं कुलूप आलं की फ्री कॉपी कुठेतरी आहे, क्लिक करा. राखाडी आलं तर लेखकाला सरळ दोन ओळींचा मेल टाका, बरेच जण पीडीएफ पाठवून देतात.