साडेआठशे रुपयांचा ओबीडी स्कॅनर: सहा महिन्यांच्या वापरानंतर

सायनच्या सिग्नलला उभी असताना गाडी थरथरू लागली आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, तेव्हा घराजवळच्या गॅरेजमध्ये इंजिनच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा कोड वाचून 'फ्युएल पंप बदलावा लागेल' असे सांगण्यात आले. पंपाचा दाब मात्र कोणी मोजला नव्हता. म्हणून होकार देण्याआधी मुंबईतील लॅमिंग्टन रोडवरून ईएलएम३२७ प्रकारचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातील कोड आणि आकडे फोनवर दाखवणारे छोटे उपकरण, आणले. स्टीअरिंगखालच्या १६ पिनांच्या पोर्टमध्ये तो बसवायचा आणि फोनवरील अ‍ॅपला जोडायचा, एवढेच काम.

माझ्याही फोनवर कोड आला तो पी०१७१, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. पण पंप अशक्त असो, फिल्टर तुंबलेला असो, हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरवर धूळ बसलेली असो किंवा त्या सेन्सर आणि इंजिनाच्या मधे कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरत असो, कोड हाच येऊ शकतो. या उपकरणाची खरी किंमत वसूल होते ती फ्युएल ट्रिमच्या आकड्यांत. हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास राखण्यासाठी इंजिनचा संगणक धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचे ऐकून पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो, ते या आकड्यांवरून कळते. माझ्या गाडीत शॉर्ट टर्म (क्षणाक्षणाला बदलणारा) आणि लाँग टर्म (हळूहळू शिकलेला) ट्रिम मिळून आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि अ‍ॅक्सिलरेटर न दाबलेला असताना, अधिक २४ टक्के दिसत होते, तर २५०० आरपीएमला अधिक ६. पंप किंवा फिल्टर दोषी असता, तर इंजिनाची पेट्रोलची मागणी वाढल्यावर हा आकडा सहसा चढला असता. येथे तो उतरला, हे हवेच्या गळतीचे लक्षण, कारण आयडलला मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधील) ओढ जोरदार असते आणि एकूण हवा थोडी असल्याने चोरून शिरलेल्या हवेचा वाटा मोठा ठरतो.

बॉनेट उघडून शोधले तेव्हा पीसीव्हीचा (इंजिनातील वाफा परत मॅनिफोल्डकडे नेणाऱ्या व्हॉल्व्हचा) रबरी पाइप मॅनिफोल्डला मिळतो त्या कोपराच्या खालच्या बाजूला, वरून न दिसणारी, नखाएवढी चीर सापडली. तिच्यावर बोट दाबताच फुसफुस थांबली. (गळती शोधण्यासाठी तापल्या इंजिनावर कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करण्याचा ज्वलनशील फवारा) फवारण्याची पद्धत आहे, पण आगीचा धोका पाहता ती मी टाळली.) पाइप बदलून कोड पुसल्यावर आठवडाभरात आयडलचा आकडा अधिक ३ वर आला.

उणिवाही आहेत. आकडे फोनवर क्षणभर उशिरा उमटतात, त्यामुळे झटकन येऊन जाणारा दोष निसटतो. माझ्या गाडीत पेट्रोलच्या दाबाचा सेन्सरच नसल्याने तो दाब येथे दिसत नाही. त्यासाठी मेकॅनिकचा गेजच लागतो. आयफोनधारकांनी जुन्या ब्लूटूथऐवजी वायफाय किंवा ब्लूटूथ एलई (कमी वीज खाणारे नव्या प्रकारचे ब्लूटूथ) असलेला नग पाहून घ्यावा. शिवाय गाडी बंद असतानाही हा स्कॅनर बॅटरी खात राहतो. एकदा तो पोर्टमध्येच राहिला आणि दहा दिवसांच्या गावच्या मुक्कामानंतर गाडी सुरू होईना. तेव्हापासून तो डॅशबोर्डच्या कप्प्यात, टायरची हवा मोजण्याच्या गेजशेजारी असतो.