मुलीला घरी शिकवतोय, त्याचे अकरा महिने: शार्लट मेसन पद्धतीचा आमचा अनुभव

गेल्या जूनमध्ये थोरलीला शाळेतून काढलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. त्याच्या थोडं आधी, रात्रीची प्रार्थना झाल्यावर तिने मला विचारलं होतं, "आई, देवाने मला बनवताना घाई केली का गं?" वाचताना तिची अक्षरं उलटसुलट व्हायची. वर्गात उभं राहून धडा वाचायची वेळ आली की पोटात दुखायला लागायचं. त्या रात्री मी तिला बायबलमधलं स्तोत्र 139 वाचून दाखवलं, देवाने आपल्याला आईच्या उदरात किती जपून घडवलं ते. तिने ऐकून घेतलं आणि कूस बदलली. तोंडाने सांगून भागणार नाही, हे मला तेव्हा कळलं.

शार्लट मेसन (1842–1923) या इंग्लंडमधल्या ख्रिस्ती शिक्षणतज्ज्ञ. 1892 मध्ये त्यांनी अँबलसाइडला शिक्षिका घडवणारी संस्था सुरू केली. मूल जन्मतःच पूर्ण माणूस असतं, हे त्यांच्या विचारांचं मूळ. मार्क, बक्षिसं, स्पर्धा यांच्या जोरावर शिकवायला त्यांचा विरोध होता. त्यांच्या शाळांचं ब्रीद चार छोट्या वाक्यांचं आहे: मी आहे, मी करू शकते, मी केलं पाहिजे, मी करीन. आमच्या घरात या चारांपैकी पहिल्यानेच सगळं बदललं. "मी आहे" हे "मी करू शकते"च्या आधी येतं. आधी करून दाखव, मग तुला किंमत, असा हिशोब तिथे नाही. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, पहिल्याच अध्यायात देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा केला, तोही माणसाने काही करून दाखवायच्या आधीच.

रोजचं वेळापत्रक साधं आहे. सकाळी प्रार्थना आणि एक गीत, बहुतेक वेळा ना. वा. टिळकांचं. मग पंधरा-वीस मिनिटांचे छोटे पाठ, दुपारच्या जेवणाआधी सगळं आटोपतं. मुख्य काम कथनाचं: मी एकदाच वाचायचं आणि तिने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. प्रश्नोत्तरं नाहीत, गाळलेल्या जागा नाहीत. पहिले दोन आठवडे ती दोन वाक्यं बोलून गप्प व्हायची. मग एके दिवशी दावीदाची गोष्ट आली. संदेष्टा शमुवेल नवा राजा निवडायला दावीदाच्या वडिलांच्या, इशायाच्या, घरी येतो, सात मुलगे त्याच्यासमोरून जातात आणि धाकट्याला रानातून बोलवायचंही कुणाला सुचत नाही. ती सलग दहा मिनिटं बोलली. शेवटी म्हणाली, "त्याच्या बाबांनीच त्याला मोजलं नव्हतं. देवाने मोजलं." त्यावर मी काही बोलले नाही. मेसनबाईंचं तेच सांगणं आहे, की मूल आणि गोष्ट यांच्या मध्ये मोठ्यांनी उभं राहू नये.

दुसरी गोष्ट निसर्गवहीची, म्हणजे बाहेर जे दिसलं ते वहीत टिपून ठेवायचं. आठवड्यातून दोनदा आम्ही वेताळ टेकडीवर जातो. फेब्रुवारीत तांबटाचं टुकटुक सुरू झालं, तेव्हा तो नेमका कुठल्या फांदीवर आहे ते शोधायला तिने तीन खेपा घातल्या. आज बुलबुल, दयाळ, शिंजीर ती नुसत्या आवाजावरून ओळखते, आणि तिचे चुलत भाऊ तिलाच विचारतात. एखादी गोष्ट खरोखर येऊ लागली की मुलाची मान आपोआप ताठ होते, "किती हुशार गं माझी बाय" असं दहादा म्हणून होत नाही.

आता माझी चूक, कारण आपल्या मंडळींत ती बऱ्याच घरांत होते असं मला वाटतं. सुरुवातीचे तीन-चार महिने कंटाळा, हट्ट, उलट बोलणं, प्रत्येक गोष्टीवर माझं एकच वाक्य असायचं: "येशूला वाईट वाटेल." ऑक्टोबरमध्ये तिने प्रार्थनेला बसायचंच टाळलं. खोदून विचारल्यावर म्हणाली, "तिथे पण मला ओरडा बसतो." मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले आणि माफी मागितली. ज्याच्याकडे तिने धावत जायचं, त्याचीच मी छडी केली होती. तेव्हापासून शिस्तीची गोष्ट ती आणि मी बोलून सोडवतो, आणि माझं चुकलं तर प्रार्थनेत मी तिच्यासमोर कबूल करते. विश्वास हवाच, पण त्याचा धाक करणार असाल तर मूल शाळेतच बरं.

आणखी एक. अक्षरांच्या अडचणीसाठी आम्ही तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली. शिकण्यातली अक्षमता निघाली आणि आता आठवड्याला दोन तास विशेष शिक्षिका येतात. हे एक वर्ष आधीच करायला हवं होतं. मी नुसती प्रार्थना करत राहिले आणि तपासणी पुढे ढकलली, याचं मला आजही दुःख आहे.

जानेवारीत दौंडच्या गाडीने केडगावला गेलो, पंडिता रमाबाईंनी निराधार बायकांसाठी काढलेलं मुक्ती मिशन बघायला. रमाबाई लहानपणी कुठल्याच शाळेत गेल्या नव्हत्या. आईने पहाटे उठवून संस्कृत शिकवलं आणि पुढे 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता म्हटलं. नंतरच्या काळात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून मराठी बायबलच्या भाषांतराला बसल्या, आणि त्याची छपाई मुक्तीतल्याच बायकांनी केली. थोरलीने परतीच्या गाडीत मला विचारलं, "म्हणजे त्यांची आई पण तुझ्यासारखीच होती?" उत्तर देताना माझा आवाज फुटेना.

अडचणी आहेत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे. न घातल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही, पण घरी शिकवण्याला वेगळी मान्यताही नाही. आम्ही मुक्त विद्यालयाचा, म्हणजे एनआयओएसचा मार्ग धरला आहे. तिथे पाचवीच्या बरोबरीची पातळी आहे, आणि दहावीच्या परीक्षेला वय किमान चौदा लागतं. माझी नोकरी सुटली, तेव्हा पैशांची ओढाताण आहेच. एकटेपणाची भीती खरी निघाली. शब्बाथ शाळा, म्हणजे चर्चमधला मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, आठवड्यातून एकदाच, म्हणून संध्याकाळचं सोसायटीतलं खेळणं आम्ही पाठाइतकंच पक्कं धरतो. तिच्या मैत्रिणी सगळ्या धर्मांच्या आहेत, आणि ते मला मनापासून हवं आहे.

सहा वर्षांच्या धाकट्यालाही घरी ठेवून बघितलं. त्याला मुलांचा गलका लागतो. घरात तो कोमेजला. नोव्हेंबरमध्ये त्याला जवळच्या शाळेत घातलं आणि तो खुलला. गोष्ट ऐकून परत सांगणं मात्र रात्री त्याच्याबरोबरही चालू आहे, त्याला शाळा आड येत नाही.

परवाच्या कौटुंबिक प्रार्थनेत थोरलीने स्वतःहून शास्त्र, म्हणजे बायबल, हातात घेतलं. पाच ओव्या वाचायला बराच वेळ लागला. एका शब्दाला अडली तेव्हा आजोबा सांगायला पुढे झुकले. तिने हात वर केला, "आजोबा, थांबा ना, मी वाचते." आम्ही सगळे थांबलो. येत्या जूनपासून पुढचं वर्षही घरीच करायचं आहे. गणितासाठी फक्त बाहेरची शिकवणी बघतोय.