विंडोज सुरू झालं म्हणून ड्राइव्ह खरा मानला आणि फसले

कॉम्प्युटरमधला जुना १२८ जीबीचा एसएसडी (चिपवर माहिती साठवणारा ड्राइव्ह) काठोकाठ भरला होता. विंडोजचं अपडेट घ्यायचं तरी आधी काहीतरी उडवावं लागायचं. म्हणून ऑनलाइन २ टीबीचा एसएसडी मागवला. अख्खी सिस्टिम जशीच्या तशी त्यावर न्यायची, उरलेली जागा सी ड्राइव्हला जोडायची आणि घरचे सगळे व्हिडिओ एका ठिकाणी आणायचे, एवढाच बेत होता. ड्राइव्ह उत्तम चालतोय असं दिसत असतानाच माझी फसवणूक झाली, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

क्लोनिंग, म्हणजे जुन्या ड्राइव्हची हुबेहूब नक्कल, पाऊण तासात झालं. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) नवा ड्राइव्ह पहिल्या नंबरला लावला आणि डेस्कटॉप जसाच्या तसा समोर आला. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये आकडा होता २०४८ जीबी. पूर्ण जागा मिळाली म्हणून मला आनंद झाला. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. ड्राइव्ह बनवणारे टीबी मोजतात १००० च्या पटीत आणि विंडोज मोजतं १०२४ च्या पटीत. त्यामुळे खरा २ टीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये साधारण १८६३ जीबी दिसतो. २०४८ दिसले तर संशय घ्या. पण १८६३ दिसले म्हणून निर्धास्तही होऊ नका, ड्राइव्हच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, फर्मवेअरमध्ये, हवा तो आकडा लिहिता येतो.

मग सी ड्राइव्ह वाढवायला गेले तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' हा पर्याय राखाडी, दाबताच येईना. हे अनेकांना अडतं. विंडोजला वाढीसाठी रिकामी जागा त्या पार्टिशनला (ड्राइव्हच्या त्या भागाला) लागूनच, उजवीकडे हवी असते आणि मध्ये रिकव्हरी पार्टिशन बसलेलं असतं. मी रिकव्हरी बंद केली, पेनड्राइव्हवरून जीपार्टेड हे पार्टिशन बदलायचं साधन सुरू केलं, मधलं पार्टिशन काढलं आणि सी शेवटपर्यंत ताणला. उघडतानाच जीपार्टेडने एक इशारा दिला होता. कोणतं पार्टिशन कुठे आहे याची नोंद, म्हणजे जीपीटीचा तक्ता, ड्राइव्हच्या सुरुवातीला असतो आणि त्याची प्रत अगदी शेवटच्या सेक्टरांमध्ये, म्हणजे साठवणुकीच्या शेवटच्या कप्प्यांमध्ये. लहान ड्राइव्हवरून मोठ्यावर क्लोन केलं की ती प्रत जुन्या जागीच राहू शकते, 'फिक्स' म्हटलं की शेवटी जाते. मी फिक्स केलं. काम संपल्यावर पुन्हा उघडलं तर नवा इशारा: शेवटची प्रत खराब आहे. विक्रेत्याला चॅटवर विचारलं. उत्तर आलं, "मॅडम, नवीन ड्राइव्हला येतं असं, काही होत नाही." मी विश्वास ठेवला. आता कळतं की ती प्रत खराब नव्हतीच, ती लिहिलीच गेली नव्हती, कारण शेवटचा सेक्टर अस्तित्वातच नव्हता.

त्यानंतर जुन्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवरून सुमारे ४०० जीबी व्हिडिओ हलवले. कॉपी नाही, कट-पेस्ट. सुरुवातीचे दोन-तीन उघडून पाहिले, व्यवस्थित चालले.

तीन आठवड्यांनी बाबांचा एक व्हिडिओ शोधत होते. त्यात ते टेबलावर भिंतीवरचं घड्याळ उघडून एकेक चाक बोटाने दाखवतायत. फाइलचं नाव होतं, तारीख होती, आकार ४.२ जीबी होता. प्लेअर म्हणाला, फाइल उघडता येत नाही. फाइलमधला कच्चा डेटा दाखवणाऱ्या हेक्स व्ह्यूअरमध्ये उघडली तर वरपासून खालपर्यंत नुसती शून्यं. त्याच्या पुढच्या फाइल्स, त्यापुढच्या, सगळ्या तशाच.

यामागची गोष्ट समजून घ्या. आतली खरी मेमरी संपली की असा खोटी क्षमता दाखवणारा ड्राइव्ह पुढचं सगळं 'लिहिलं' म्हणून सांगतो आणि टाकून देतो. फाइलची नावं आणि आकार विंडोजची फाइल-व्यवस्था, एनटीएफएस, ज्या तक्त्यात ठेवते तो सहसा पार्टिशनच्या सुरुवातीच्या भागात असतो, म्हणून यादी शाबूत दिसते. विंडोजसुद्धा सुरुवातीच्याच भागात, म्हणून तेही चालतं. क्लोन करून मशीन सुरू झालं यातून फक्त पहिले शंभरेक जीबी खरे आहेत एवढंच ठरतं.

विक्रेत्याशी पुन्हा बोलले. आधी म्हणाला ड्रायव्हर अपडेट करा, मग म्हणाला फुल फॉरमॅट करून बघा, एरर आली तर बदलून देतो. जुन्या एसएसडीवरून मशीन चालू करून नवा ड्राइव्ह फुल फॉरमॅट केला. एकही एरर नाही. हा सल्ला त्याने मुद्दाम दिला असं मी ठामपणे म्हणते. फुल फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितं, आणि हा ड्राइव्ह नसलेल्या जागेतून शून्यंच परत देतो. दोन्ही जुळतात. या सगळ्यात परत करायची मुदत संपली. वर त्याने माझाच स्क्रीनशॉट मला पाठवला: "मॅडम, तुमच्याकडेच २०४८ जीबी दिसतंय ना?"

खरी परीक्षा एचटूटेस्टडब्ल्यूने झाली. जर्मनीतल्या सीटी मासिकाकडून आलेलं हे छोटंसं मोफत साधन आहे. ते रिकामी जागा ओळखता येईल अशा मजकुराने भरतं आणि मग तो वाचून पडताळतं. लिनक्स आणि मॅकवाल्यांसाठी एफथ्री हे तसंच साधन आहे. रात्रभर चाललं. निकाल: जेमतेम २३० जीबी ठीक, बाकी सगळं गेलेलं. ड्राइव्हचं तापमान मी क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्हची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये अधूनमधून बघायचे, ते कायम ४० अंश. मशीन नुकतंच लावलेलं असो की तासभर कॉपी चाललेली असो, ४० च. तेही मी चांगलं लक्षण समजत होते.

ही चाचणी क्लोन करायच्या आधी, ड्राइव्ह कोरा असताना आणि परत करायची मुदत हातात असताना करा. पार्टिशनला हात नंतर लावा. जुना ड्राइव्ह काही महिने पुसू नका. माझं विंडोज केवळ त्यामुळे वाचलं. आणि व्हिडिओ कधीही कट करू नका, कॉपी करून मधल्या आणि शेवटच्या फाइल्स उघडून बघा.

एक्स्टर्नल डिस्क वापरणं मी फाइल्समध्ये शून्यं दिसली त्याच दिवशी थांबवलं आणि रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं. बरेच व्हिडिओ परत आले. पण मधल्या तीन आठवड्यांत मी त्या डिस्कवर इतर गोष्टी टाकल्या होत्या. घड्याळाचा व्हिडिओ त्यांच्याखाली गेला.

तो ड्राइव्ह अजून विक्रीला आहे. खालचे अभिप्राय वाचले: "लवकर मिळाला", "पूर्ण २ टीबी दिसतो", "विंडोज मस्त चालतं". सगळे मिळाल्याच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी लिहिलेले.