थार एएक्स (ओ) घ्यावी की एलएक्स? आणि मोठे टायर घालावेत का?

गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या चौघांनी मला हेच विचारलं. चौघंही महिंद्राची सेकंड-हँड थार बघतायत. डिझेल, फोर बाय फोर, हार्ड टॉप इथपर्यंत ठरलेलं असतं, आणि एएक्स (ओ) हे साधं मॉडेल की एलएक्स हे वरचं, इथे गाडी अडते. त्यामागोमाग दुसरा प्रश्न ठरलेलाच: मोठे टायर घातले तर कसं? फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहितो.

माझ्याकडे २०२२ची एएक्स (ओ) आहे, मॅन्युअल. धाकट्या चुलतभावाने माझ्याआधी आठ महिने एलएक्स घेतली. घरं दोघांची सोलापुरात, आणि मंगळवेढ्याजवळच्या माचणूरच्या पुढे शेताला शेत लागून. म्हणजे दोन्ही गाड्या त्याच रस्त्याने जातात, त्याच चिखलात उतरतात. इंजिन, गिअर, फोर-लो (फोर बाय फोरचा संथ, जास्त ओढीचा गिअर) दोन्हींत सारखंच, त्यामुळे त्यावर काही लिहीत नाही.

आधी एलएक्सची बाजू, कारण ती खरोखर चांगली गाडी आहे. टचस्क्रीन, क्रूझ कंट्रोल, टायरची हवा दाखवणारी सोय, अलॉय (मिश्रधातूची चाकं), हे सगळं तिच्यात येतं. पुणे हायवेवर टेंभुर्णी ओलांडली की क्रूझ लावून पाय मोकळा सोडता येतो. हे सुख माझ्या गाडीत नाही आणि कधीकधी त्याची आठवण येते. वळणावर एलएक्स जरा कमी झुलते असंही मला वाटतं, मोजलेलं नाही. डिझेल ऑटोमॅटिक हवी असेल तर पुढचं वाचायची गरजच नाही, कारण ती एलएक्समध्येच मिळते. गुडघ्याचा त्रास असलेल्या माणसाला मी दुसरं काही सुचवणार नाही.

मीही एलएक्सच घेणार होतो. त्या वर्षीच्या ऊस हंगामात भावाची गाडी काही आठवडे माझ्याकडे होती आणि तेव्हा माझं मत फिरलं.

सोलापूर-मंगळवेढा रस्ता आता उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. खरी परीक्षा हायवे सोडून रानाकडे वळल्यावरच्या पाच किलोमीटरची. रस्ता एका गाडीपुरता, समोरून उसाची जोड-ट्रॉली. ती काही डांबर सोडत नाही, सोडूही शकत नाही. आपणच डावी चाकं खाली उतरवायची. साइडपट्टी खचून डांबराची कड वीतभर उघडी पडलेली असते. ट्रॉली गेली की त्या कडेवरून चाक पुन्हा वर घ्यायचं. हंगामात एका फेरीत हे सात-आठ वेळा होतं. अशाच एका वेळी मागच्या डाव्या चाकातून ठक्क असा कोरडा आवाज आला. उतरून पाहिलं तर टायर साबूत, अलॉयला ओरखडाही दिसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली आणि हवेचा दिवा लागला. संध्याकाळी ३२ भरलेली हवा सकाळी २६. पुन्हा भरली, पुन्हा २६. पंक्चरवाल्याने चाक काढून साबणाचं पाणी टाकलं. टायरला कुठेच काही नव्हतं. रिमच्या आतल्या कडेला मात्र हरभऱ्याच्या दाण्याएवढा एक बुडबुडा सावकाश फुगायचा, फुटायचा आणि पुन्हा फुगायचा. कड जेमतेम एक-दोन मिलिमीटर आत गेली होती. तो म्हणाला, "मालक, अलॉय हाय. हातोडा मारला तर तडकंल. सोलापूरला न्या."

सोलापुरात रिम सरळ करून घेतली. तीन आठवडे बरं चाललं आणि पुन्हा सकाळचा दिवा सुरू झाला. गाडी रस्त्यात कधी अडली नाही, मोठा खर्चही आला नाही. पण रोज शेतावर निघताना आधी पंप गाठायचा, एका चाकात पाच-सहा पॉइंट हवा भरायची आणि मग पुढे, हे मला सोसेना. पहाटे पाण्याची पाळी असेल तर त्या दिव्याकडे बघून जीव नकोसा व्हायचा. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

यात गाडीचा किंवा रिमचा दोष नाही, गणित चाकाच्या मापाचं आहे. एलएक्सला २५५/६५ आर १८ टायर येतो (रुंदी २५५ मिलिमीटर, भिंत तिच्या ६५ टक्के, रिम १८ इंची), म्हणजे रिमपासून जमिनीपर्यंत रबराची भिंत साधारण १६६ मिलिमीटर. एएक्स (ओ)ला २४५/७५ आर १६, तिथे तीच भिंत १८४. फरक अंगठ्याच्या रुंदीएवढा, पण डांबराची कड लागते तेव्हा तेवढंच रबर मधे पडतं. चिखलात हवा १८-२० पर्यंत उतरवली की तर हा फरक जास्तच जाणवतो. १६ इंची टायर पोट सोडून जमिनीवर पसरतो, १८ इंचीला पसरायला जागा कमी.

दुसरी गोष्ट एएक्स (ओ)च्या लोखंडी डिस्कची, म्हणजे साध्या लोखंडी रिमची. माझ्याही चाकाला अशीच कड लागली आहे, एकदा नव्हे दोनदा. एकदा कड वाकून हवा जायला लागली. गावातल्याच दुकानात टायर उतरवला, डिस्क लाकडाच्या ओंडक्यावर ठेवून घणाचे पाच-सहा ठोके, कड घासून साफ, टायर परत. चहा गार व्हायच्या आत काम झालं. दिसायला ती डिस्क आता चांगली नाही, पण दोन वर्षं झाली, हवा गेलेली नाही.

आता मोठ्या टायरांचं.

मूळ टायर झिजल्यावर मी २६५/७५ आर १६ ऑल-टेरेन (रस्ता आणि रान दोन्हींसाठीचे) घातले. मूळ टायरचा व्यास ७७४ मिलिमीटरच्या आसपास, याचा ८०४. गाडी पंधरा मिलिमीटर उचलली जाते. ऐकायला हे किरकोळ वाटेल, पण मागच्या डिफरन्शियलच्या (दोन चाकांमधल्या गिअरच्या गोळ्याच्या) खाली खरी जागा फक्त मोठ्या टायरनेच वाढते. स्प्रिंग उंच करून बॉडी वर जाते, मागचा अ‍ॅक्सल तिथेच राहतो. भीमेच्या पात्रात गोट्यांवरून जाताना, ओढ्यातल्या दगडांत, बांधावरून उतरताना हे टायर मला आवडले. दिसायलाही गाडी भरदार झाली, ते नाकारत नाही.

किंमत मात्र मोजावी लागली. परिघ जवळपास चार टक्के वाढला, म्हणजे काटा ८० वर असताना पूर्वी जो खरा वेग असायचा त्यापेक्षा आता चार टक्के जास्त. ओडोमीटर तितकंच कमी मोजतं, म्हणून अ‍ॅव्हरेज काढताना त्याच्यावर विसंबू नका. मी फेऱ्या मोजतो. पूर्वी टाकी फुल केली की शेताच्या पाच फेऱ्या होऊन सहावीला जाताना दिवा लागायचा, आता पाचवीच्या परतीलाच लागतो. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जिथे निभायचं तिथे दुसरा टाकावा लागतो. स्टिअरिंग पूर्ण कापलं की पुढचा टायर आतून घासतो. पेठेतल्या बोळात गाडी वळवताना तो खर्र आवाज प्रत्येक वेळी कानाला लागतो.

आणि काळी माती. मोठ्या टायरांबद्दलचं पुष्कळसं कौतुक वाळूचं, मुरमाचं आणि दगडाचं असतं. आपली माती वेगळी. पाऊस पडला की फुगते, चिकटते, आणि चाकाच्या चार फेऱ्यांत टायरच्या खाचा भरून टाकते. मग ऑल-टेरेन असो की खास चिखलाचा मड-टेरेन, चाक गुळगुळीत गोळा होतं. रुंद टायर वरच्या थरावर तरंगतो आणि घसरतो. अरुंद आणि उंच टायर निदान थर कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचायचा प्रयत्न तरी करतो. गेल्या पावसाळ्यात एकाच बांधावरून मी २६५ वर आणि शेजारचा गडी मूळ २४५ वर निघालो. तो गेला, मी आडवा झालो. एका प्रसंगावरून सिद्धांत मांडू नये हे मान्य, पण नंतरही असंच दिसलं. शिवाय मोठा टायर आणि मडगार्ड यांच्यात जागा कमी, तिथे माती ठासून बसते आणि वाळली की पहारीने काढावी लागते. वापसा येईपर्यंत, म्हणजे जादा ओल उतरेपर्यंत, रानात गाडी न घालणं हाच खरा उपाय, पण पावसात पाण्याची मोटर बंद पडली की जावंच लागतं.

धसकटांचंही सांगतो. ज्वारी किंवा तूर निघाल्यावर रानात जे खुंट राहतात, ते वाळले की टोकदार खिळ्यासारखे होतात. ते तळव्यातून क्वचित शिरतात, शिरतात ते बाजूच्या भिंतीतून, आणि तिथलं पंक्चर नीट निघत नाही. त्यामुळे टायर निवडताना नक्षीपेक्षा बाजूची भिंत किती जाड आहे ते बघा. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका.

टायर बदलायचेच असतील तर पाच घ्या, चार नाही. थारचं फोर बाय फोर पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतं टाकायचं आहे, पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये फरक सोसणारं डिफरन्शियल नाही. मागे लटकलेली मूळ मापाची स्टेपनी एका चाकाला लावून फोर-हाय (नेहमीच्या वेगाचं फोर बाय फोर) टाकलं तर सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर येतो.

मधला मार्गही आहे. २६५/७० आर १६. त्याचा व्यास ७७७ च्या आसपास भरतो, म्हणजे कंपनीच्याच दोन मापांच्या मधे, कारण एलएक्सचा टायर ७८९ चा आहे. काटा, गिअर, घासणं यातलं काही फारसं बिघडू नये. रुंदी वाढते, उंची जवळपास नाही, म्हणून काळ्या मातीत फायदा होईल असं मला वाटत नाही. ज्याचं फिरणं माळरानाचं, मुरमाचं, सांगोल्याकडचं, त्याला चालेल. कायद्याचंही पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. माप बदलण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारलेलं बरं. मी ते उशिरा केलं, तुम्ही आधी करा.

म्हणजे कोणती घ्यावी? महिन्यातून चार वेळा पुणे आणि रान कधीमधी, असं असेल तर एलएक्स घ्या, निर्धास्त घ्या. माझा भाऊ आजही त्याच्या गाडीवर खूश आहे. पण रोजचं जाणं-येणं उसाच्या रस्त्यावरून असेल, तर माझा कल एएक्स (ओ)कडे आहे, १६ इंची लोखंडी डिस्कवर आणि मूळ २४५/७५ मापात जाड भिंतीचे ऑल-टेरेन घालून. माझे २६५ झिजत आलेत आणि पुढचा संच मी याच मापाचा घेणार आहे. स्क्रीन बाहेरून बसवता येते. वाचलेल्या पैशातून बारा व्होल्टचा चांगला कंप्रेसर घ्या, रानातून हायवेला लागताना हवा पुन्हा भरायला लागतोच.

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा मागच्या डिफरन्शियलला मेकॅनिकल लॉक (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं) आहे की ब्रेकवर चालणारं, हे विचारून घ्या, सगळ्या गाड्यांत सारखं नाही. आणि एलएक्स असेल तर सकाळी लवकर जा, मालकाने हवा तपासायच्या आधी. चारही चाकांची हवा मोजा, मग खाली बसून रिमच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा, विशेषतः डाव्या बाजूच्या चाकांच्या.